तारीख नसलेली खाडाखोड

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला सज्जा कोसळला. खाली पुस्तकं लावत असलेली मदतनीस जागच्या जागी गेली. तिचं वय चौतीस होतं.

बाईंना हे अकरा वाजता कळलं. बाई म्हणजे त्या महाविद्यालयाच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक, पुढे विभागप्रमुख. आता वय एकोणऐंशी. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणत, कारण भिंत असो की माणूस, केसभर ढळलेलं त्यांना खपत नसे. फोन पुतणीने घेतला होता. सज्जा पडला, एवढंच तिने आधी सांगितलं. बाईंनी विचारलं, “खाली कोण होतं?”

ग्रंथालयाचे नकाशे बाईंनी सव्विसाव्या वर्षी काढले होते. त्यावर सही मात्र तेव्हाच्या प्रमुखांची. बाईमाणसाच्या सहीवर कंत्राटदार विटेवर वीट ठेवणार नाही, असं प्रमुखांनी त्यांना सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. आपलं नाव लागावं म्हणून बाई पुढे पन्नास वर्षं अर्ज करत राहिल्या. दर अर्जाला वाटाण्याच्या अक्षता. शेवटी दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या दाराशी दगडी पाटी बसली आणि तिच्यावर ‘रचना’ या शब्दाखाली त्यांचं नाव आलं. त्या दिवशी बाई पाटीसमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि ती डावीकडे थोडी कलल्याचं सांगून घरी आल्या.

बुधवारी दुपारी चौकशी समितीतला अभियंता घरी आला. बाईंचाच जुना विद्यार्थी, आता डोक्यावर केस न उरलेला. त्याने सांगितलं, की सज्ज्याच्या कडेखाली पहिल्यापासून एक विटांची भिंत होती. दुरुस्तीच्या कामात ती आठवड्यापूर्वी काढली होती. सज्जा खरं तर तिच्या आधाराशिवाय राहायला हवा होता. असा नुसता बाहेर आलेला भाग तोलायचा तर मुख्य सळ्या वरच्या अंगाला लागतात. तुटलेल्या तुकड्यांत त्या खालच्या अंगाला निघाल्या होत्या. म्हणजे त्रेपन्न वर्षं भार त्या भिंतीनेच वाहिला होता.

“बाई, एकाही कागदावर तुमची सही नाही,” तो म्हणाला. “तेवढंच दोन ओळींत लिहून द्या. शुक्रवारी पाचच्या आत.”

“म्हणजे इमारत माझी नाही असं लिहू?”

“सही तुमची नाही, असं.”

“तू शिकत असतानाही असंच करायचास. जिना जमला नाही की त्याच्यापुढे झाड काढायचास.”

तो हसला, पण समोरच्या चहाला त्याने हात लावला नाही.

तो गेल्यावर पुतणीने विषय सोडला नाही. प्रमुखांना जाऊन वीस वर्षं झाली, त्यांना आता कोण पकडणार, असं तिचं म्हणणं. “आत्या, जन्मभर जे नाव मागितलंस तेच आता गळ्यात धोंड होऊन बसलंय. सोड की.” जी गेली तिच्या घरचे विचारतील, एवढंच बाई म्हणाल्या आणि ज्यावरून प्रती काढल्या ते नकाशाचं मूळ ट्रेसिंग दाखव म्हणून त्यांनी अभियंत्याला फोन लावला.

गुरुवारी अकरा वाजता अभिलेख खोलीत ते टेबलावर उलगडलं. कागद पिवळा पडला होता, शाई तशीच होती. अभियंत्याने सज्ज्याचा छेद, म्हणजे उभा कापून दाखवलेली आकृती, शोधला आणि त्याचा चेहरा सैल झाला. सळ्यांची रेघ वर होती, जिथे हवी तिथे. नकाशा बरोबर आहे, काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली सळ्या दबल्या असणार, बाई सुटल्या, असं तो भराभर बोलत गेला.

“बोट फिरव,” बाई म्हणाल्या. “वर नाही, खालच्या अंगाला.”

त्याने फिरवलं. तिथे कागद खरवडून पातळ झाला होता.

“हे मी पाहिलं नाही,” तो म्हणाला.

“मी दाखवलंय.”

मग बाईंनी सांगितलं. दोन्हीकडे आधार असलेल्या नेहमीच्या स्लॅबवरून छेद उतरवताना सळ्या खालीच राहिल्या होत्या. चूक एका दुपारी त्यांना स्वतःलाच दिसली. नकाशे काढायच्या कचेरीत सोळा पुरुष, त्या एकट्या, आणि सोळाही जण त्या कधी चुकतात याची वाट पाहत होते. नियम असा होता, की दुरुस्ती केली की कोपऱ्यात तारीख आणि कारण लिहायचं, म्हणजे साइटवर गेलेल्या जुन्या प्रती परत मागवल्या जातात. ते लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कचेरीला कळलं असतं. बाईंनी ब्लेडने रेघ खरवडली, वर नवी ओढली आणि कोपरा कोरा ठेवला. प्रत तोवर साइटवर गेली होती का, हे त्यांना तेव्हा विचारता आलं नाही, आणि साइटवर जायची त्यांना परवानगी नव्हती.

पुढची चाळीस वर्षं त्या पहिल्याच तासाला सांगत आल्या, की खोडलंत तर तारीख टाका. न टाकणाऱ्याला सरळ नापास. हा अभियंताही एकदा झाला होता.

“प्रत आधी गेली होती, असं कुठे सिद्ध होतंय?” तो हळूच म्हणाला.

“नव्हती गेली, असंही होत नाही.”

शुक्रवारी तीन वाजता पुतणीने बाईंचं निवेदन समितीच्या कचेरीत नेऊन दिलं. ती बाईंशी सकाळपासून बोलली नव्हती. निवेदन पाऊण पानाचं होतं. रचना माझी, नकाशा माझा, पहिली रेघ चुकली ती माझी, दुरुस्तीची नोंद केली नाही ती मी. कोणती प्रत साइटवर वापरली ते मला माहीत नाही. खाली सही आणि तारीख.

दगडी पाटीवर महाविद्यालयाने कापड टाकलं आहे. जी गेली तिच्या नवऱ्याने समितीला लेखी विचारलं आहे, की नकाशा कोणी काढला. त्याला उत्तर गेलेलं नाही. कंत्राटदाराचा मुलगा वडिलांच्या गोदामातले जुने कागद उपसतो आहे, त्यातले निम्मे भिजून एकमेकांना चिकटले आहेत. रेघ खाली होती की वर हे सांगणारी साइटवरची प्रत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सापडलेली नव्हती.