मच्छ्यातली रडकी भिंत

१९३२ सालच्या आषाढात मच्छे गावातल्या परशरामच्या घरी जत्रा भरली होती. स्वयंपाकघरातली चुलीमागची मातीची भिंत रडत होती. परशरामची बायको जयाबाई चैत्रात गेली आणि आता भिंतीतून थेंब ओघळत होते. लोक बोट लावून चाखत, "खारट हाय! आसूच!" म्हणत आणि पाया पडत. तीन कोसांवर बेळगावात शाळा-कचेऱ्या, आणि इथे भिंत चाटायला रांग.

भस्मेबुवा कुठून आला ते कुणी विचारलं नाही. गुळाचा वास लागला की मुंगळा येतोच.

"माउली घरात अडकलीय," बुवा डोळे मिटून म्हणाला. "म्हणते, घर बुवाच्या मठाला द्या, मळा मठाला द्या!"

जिवंतपणी जयाबाई शेजारणीला पडका आंबासुद्धा निरखून द्यायची. मेल्यावर एवढी उदार कशी झाली, याचं नवल कुणालाच वाटलं नाही.

बुवानं गाडीभर लाकडं जाळून तिथेच होम केला. भिंत कोरडी ठणठणीत! जयजयकार झाला. दुसऱ्या सकाळी भिंत पुन्हा ओली.

"घर दिल्याशिवाय शांती नाही," बुवा म्हणाला.

परशरामनं मान डोलावली. घर आज्यानं बांधलेलं, मळा आज्यानं रान तोडून केलेला. पण जया रडत असेल तर ते घेऊन करायचं काय? सोमवारी बेळगावला जाऊन घर-मळा लिहून द्यायचं ठरलं.

तेवढ्यात खानापूरहून थोरली बहीण अक्काताई आली.

"परश्या, जेवतोस कुठं?"

"शेजारी, भावकूकडं."

"म्हंजे जया गेल्यापास्नं चूल पेटली न्हाय?"

"कुणासाठी पेटवू, आक्का?"

अक्काताईनं बुवादेखत खुरप्यानं भिंत खरवडली. "वर्साच्या मिठाची पाटी जया हितंच टेकवून ठेवायची. तिच्या आदी आई. भिंत मीठ पिऊन बसलीया. पावसाळी हवेत मिठाला पानी सुटतंय. रोज चूल पेटायची, तवर वाळत हुतं."

"पाप बोलतेस, बाई! आसवं खारटच असतात!"

"व्हय बुवा. पर खारट ते समदं आसू न्हाय. लोणच्याच्या पाया पडतायसा काय?"

लोक हसले, पण पटलं नाही. मग तिनं गोठ्याच्या अर्ध्या भिंतीला मिठाचं पाणी फासलं, अर्ध्या भिंतीला साधं. आणि स्वयंपाकघरात मंत्राबिगर रोज चूल पेटवली.

सोमवार उजाडला तेव्हा चुलीमागची भिंत कोरडी होती. गोठ्यात साध्या पाण्याची बाजू वाळलेली, मिठाची बाजू टपटप रडणारी. आणि म्हैस ती मन लावून चाटत होती.

"हितं कोण मेलंय रं?" भावकूनं विचारलं.

"बुवाचा धंदा!" अक्काताई म्हणाली.

बुवा तोवर बेळगावच्या वाटेवर पिरनवाडीच्या पुढं गेला होता.

गर्दी पांगली. परशराम भिंतीला हात लावून उभा राहिला. "म्हंजे जया न्हाय व्हय हितं?"

"न्हाय रं."

तेव्हा तो रडला. चैत्रापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः चूल पेटवली. पहिली भाकरी करपली, तरी खाल्ली. रडायला माणूस असताना ते काम भिंतीवर सोपवू नये, आणि माणसाच्या दुःखात कुणी घर मागायला आला, तर पाया पडण्याआधी कारण विचारावं. जीभ चव सांगते. कारण डोक्यालाच शोधावं लागतं.