चष्मा काढून पाहा

मित्रांनो, चष्म्याच्या एका छोट्या दुकानाची मी जुनी वेबसाइट. दुकानाचं शटर खाली असलं, तरी मी उघडीच असते.

दुकान मावशींचं. पुढे आरसा लावलेलं काउंटर, मागे काच घासायचं यंत्र, भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मला घडवलं त्यांच्या भाचीने, शाळेच्या सुट्टीत. पांढऱ्या पानावर ठळक काळी अक्षरं: दुकानाचं नाव, फोन नंबर, उघडण्याची वेळ आणि ‘जिन्याखालचं निळं दार’ एवढी खूण. दिसायला साधी होते, पण चटकन उघडायचे. कुणाचा चष्मा फुटला, की तो मला शोधायचा, नंबर दाबायचा, आणि दुकानातला फोन वाजायचा. लोक मावशींपाशी माझं कौतुक करत.

पुढे भाची डिझाइन शिकून आली. मला पाहून तिला हसूच फुटलं.

“मावशी, ही काय सूचनाफलकासारखी दिसतेय!”

तिने माझं रूप पालटलं. पडदाभर तळ्याचा फोटो, त्यावर राखाडी रंगाची नाजूक अक्षरं. फोन नंबर कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या बटणाआड गेला. खाली फॉर्म आला: नाव, पत्ता, वय, आवडता रंग. फोटो एवढा जड, की फोनवर मी उघडेपर्यंत माणसाला जांभई यावी. पण घरच्यांनी मला पाहिलं ते दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आपापले चष्मे लावून. सगळे म्हणाले, झकास. मावशीही खूश झाल्या.

मग फोन वाजेनासा झाला. लोक यायचे, तळ्यापाशी थबकायचे आणि निघून जायचे. मला दिसत होतं, पण सांगणार कुणाला? मावशींनी सगळं खापर चष्म्यांच्या मोठमोठ्या शोरूमवर फोडलं आणि काच घासायचं यंत्र विकायला काढलं. हातचं काम गेलं, की दुकानात आयत्या काचा विकण्यापलीकडे काही उरणार नव्हतं.

यंत्र बघायला माणूस येणार, त्याच सकाळी टायपिंग शिकवणाऱ्या बाई आल्या. जुनं गिऱ्हाईक. चष्म्याची एक दांडी कानावर, दुसऱ्या कानाला दोरा.

“अगं, आहेस होय! मला वाटलं, गाशा गुंडाळलास.”

“असं काय म्हणता बाई?” मावशी म्हणाल्या.

“मग फोन नंबर कुठे पुरून ठेवलायस? शोधून शोधून जीव मेटाकुटीला आला.”

भाची पुढे सरसावली. “बाई, अगदी सोप्पंय. वर कोपऱ्यात तीन रेघा आहेत, त्या...”

“तू गप्प बस,” मावशी म्हणाल्या. “डोळे तपासताना आपण माणसाला अक्षर सांगतो का?”

दुकानाचा तो नियमच होता. माणूस तक्त्यासमोर बसला, की कुणी सुचवायचं नाही. जिथे अडला, तिथे त्याच्या चष्म्याचा नंबर कळतो.

मावशींनी बाईंना तपासणीच्या खुर्चीत बसवलं, मोडका चष्मा काढून घेतला आणि फोनवर मला उघडून हातात दिलं.

“हे काय, पाणीच पाणी! आणि हे काही लिहिलंय, की धूळ बसलीय?” बाईंनी मला रुमालाने पुसलं. पुसता पुसता फॉर्म उघडला. त्यांनी फोन नाकाशी नेला. “आवडता रंग? माझं लग्न जमवतेयस का गं?”

मावशी हसल्या. भाची हसली नाही. तिचे हात शिवशिवत होते, ते तिने पाठीमागे धरून ठेवले.

शेवटी बाईंनी फोन मांडीवर ठेवला. “नाही बाई दिसत.”

“मावशी,” भाची हळूच म्हणाली, “चष्मा मोडल्यावरच माणूस हिला शोधतो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. यंत्र इतक्यात विकू नकोस.”

यंत्र बघायला आलेल्या माणसाला मावशींनी चहा पाजला आणि परत पाठवलं. भाचीने तळं पुसलं, अक्षरं मोठी आणि काळी केली. नंबर सगळ्यात वर आला, बोट टेकवलं की फोन लागेल असा. फॉर्म गेला. दुकानाची वेळ बदलली, की त्याच दिवशी माझ्यावरही बदलू लागली. फोन पुन्हा वाजू लागला. यंत्र अजून मागे घरघरतं आहे.

मित्रांनो, तुमच्याही दुकानाची एखादी वेबसाइट असेल. तिला सजवा, माझी ना नाही. पण ज्याला तिची गरज आहे, त्याच्या हातात ती द्या आणि शेजारी गप्प बसून राहा.

आमची भाची आता माझ्यात काहीही बदललं, की आधी स्वतःचा चष्मा काढून ठेवते. मग डोळे किलकिले करून माझ्याकडे बघते. मी तिला धूसरच दिसते. नंबर मात्र दिसतो.