मागच्या तारखेचा मेमो

कृष्णवेणीला नोकरी लागली ती सोळा मार्च एकोणीसशे एकोणसाठला, सोमवारी. तंजावरच्या एका खासगी बस कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून. वय सत्तावीस, लग्न झालेलं नव्हतं. वडील ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकुनी करता करताच वारले होते. घरात ती आणि आई, वेंकूबाई. टायपिंगची वरची परीक्षा पास होऊन तीन वर्षं झाली, पण जिथं अर्ज करावा तिथं पुरुष माणूस हवा असे. शेवटी आईचे चुलतभाऊ वेंकटराव, जे या कंपनीचे मॅनेजर होते, त्यांनी मुदलाळींकडे, म्हणजे मालकांकडे, शब्द टाकला.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ते घरी आले आणि कॉफीचा पेला हातात घेऊन म्हणाले, "एकच सांगतो, वेणी. शेडमध्ये ड्रायव्हर-कंडक्टरांचा संघ आहे. त्यांच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. आपण तंजावरच्या मराठी राजाच्या दरबारी लेखणी चालवलेली माणसं."

'आपण' हा शब्द तेव्हा वेणीला फार आवडला होता.

एकतीस मार्चला दुपारी मामांनी तिला तीन पत्रांचे मसुदे दिले. इंग्रजीत. नटराज नावाच्या कंडक्टरनं चार मार्चला पापनाशमच्या गाडीत एका बाईच्या अंगाला हात लावला, म्हणून पहिला मेमो. त्याचं उत्तर नाही, म्हणून दुसरा. त्याचंही उत्तर नाही, म्हणून तिसऱ्या पत्रानं नोकरीतून काढला.

"पहिल्यावर सहा तारीख घाल," मामा म्हणाले. "दुसऱ्यावर अकरा."

"मामा, आज एकतीस आहे."

"तुला टाइप करायला ठेवलंय की पंचांग सांगायला?"

वेणी हसली आणि टाइप करायला बसली. कुठंतरी हाताने लिहिलेले मेमो असतील, ते फाइलसाठी नीट करून घेत असतील, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तिला त्या कंडक्टरचाच राग आला होता. बसमध्ये असे हात तिनंही सोसले होते. काढला ते बरं झालं, असं म्हणत तिनं तिन्ही पत्रं एका दमात संपवली. प्रत्येकाच्या खाली डाव्या कोपऱ्यात, क्लासमध्ये शिकवलं होतं तसं, आधी साहेबांची आद्याक्षरं, मग तिरपी रेघ, मग स्वतःची.

दुसऱ्या दिवशी मामा जेवायला घरी गेले होते तेव्हा खिडकीशी एक माणूस आला. अंगात खाकी शर्ट, हातात तिसरं पत्र.

"अम्मा, मला इंग्रजी येत नाही. यात काय लिहिलंय तेवढं सांगता का?"

स्वतः टाइप केलेलं पत्र वेणीनं त्याला तमिळमध्ये वाचून दाखवलं. हात लावल्याच्या वाक्याशी तिची जीभ अडखळली, तरी तिनं ते वाचलं.

नटराजनं पत्र परत घेतलं. मग त्यानं विचारलं, "कुठली बाई?"

"नाव नाही लिहिलेलं."

"चार तारखेला मी तिरुवैयारुच्या गाडीवर होतो. पापनाशमला गेलोच नाही. आणि मेमो कधी दिले म्हणतात?"

"सहाला आणि अकराला."

"मला आजवर हा एकच कागद मिळालाय." तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता. "आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून मी सह्या गोळा केल्या. त्यासाठी काढायचं तर काढा. हे कशाला? माझ्या दोन मुली आहेत, अम्मा. हा कागद मी घरी कसा नेऊ?"

तो गेला. वेणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आपण काल या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि त्या शिव्या घालायला आपल्याला कोणी लावलं, हे तिला आता लख्ख कळलं.

मामा परत आले तशी ती त्यांच्या टेबलापाशी गेली.

"मामा, ती बाई कोण?"

"कुठली?"

"नटराजनं जिला हात लावला ती."

वेंकटरावांनी चष्मा काढून पुसला. "चोरीचा आळ घेतला असता तर संघ भांडला असता. बाईचं प्रकरण म्हटलं की कोणी तोंड उघडत नाही. त्याच्या जातीचेसुद्धा उघडत नाहीत. मुदलाळींनी सांगितलं, आटोप. मी आटोपलं."

"म्हणजे बाईच नाही."

"हळू बोल. आणि बाहेर बोलायचं मनात असेल तर त्या कागदांच्या खाली बघ. तुझी अक्षरं आहेत. चौकशी झालीच तर मी म्हणेन, तारखा टायपिस्टनं घातल्या."

हे त्यांनी अगदी मायेनं, लहान मुलीला विहिरीपासून दूर राहा म्हणावं तशा आवाजात सांगितलं. त्या आवाजानंच वेणीचं डोकं भडकलं. तिनं फाइल उघडली. सहा मार्चच्या मेमोखाली तिची अक्षरं होती. सहा मार्चला ती या कचेरीत नव्हतीच. तिची नेमणूक सोळाची. मामांनी तिला अडकवायला जी अक्षरं दाखवली, त्याच अक्षरांनी तो मेमो खोटा ठरत होता. मामांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तिनं फाइल मिटली आणि जागेवर जाऊन बसली.

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. वेंकूबाई भाजी चिरता चिरता ऐकत होती.

"त्यानं तुला भाकरीला लावलं, वेणी."

"आणि बदल्यात माझ्या हातानं त्या माणसाचं तोंड काळं केलं."

"तू केलंस का? तू नुसतं टाइप केलंस."

"तेच करायला मला ठेवलंय, आई. दुसऱ्या कोणी विचारलं असतं. मी विचारणार नाही, उपकाराखाली आहे, म्हणून मला आणलं."

वेंकूबाईनं विळी आडवी केली. "तुझे वडील तीस वर्षं खाली मान घालून नोकरी करून गेले."

"म्हणूनच गेले," वेणी म्हणाली. म्हणाल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द तिनं मागे घेतला नाही.

दोन दिवस तिचं मन घड्याळाच्या लंबकासारखं हलत राहिलं. संघात नाव घालायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं, आणि पुन्हा नातलगांच्या घरी लग्नकार्यात पापड लाटायला जायचं. तिनं मधला रस्ता काढला. संघाच्या माणसाला तारखेची गोष्ट सांगायची आणि गुपचूप घरी यायचं. पुढचं ते बघतील.

शनिवारी संध्याकाळी ती गेली. सायकलच्या दुकानावर एक खोली, बाकावर सात-आठ माणसं. मधे सांबशिव, संघाचा सेक्रेटरी. पूर्वी ड्रायव्हर होता, अपघातात गुडघा गेलेला. नटराज कोपऱ्यात बसला होता. तिला पाहून सगळे गप्प झाले.

"रावांची भाची ना?" सांबशिव म्हणाला. "त्यांनी पाठवलं?"

"मी आपणहून आले."

तिनं अक्षरांची आणि तारखेची गोष्ट सांगितली. सांबशिव पुढे सरकला. "फाइलमधली प्रत आणून द्या, अम्मा. बाकी आम्ही बघतो. तुमचं नाव कुठं येणार नाही."

हेच तर तिला हवं होतं. पण लगेच तो बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "ऑफिसातली माणसं आपल्यात नकोतच. त्यातून बाई, आणि मॅनेजरच्या घरातली. कागद मिळाला की झालं." एकजण हसला.

निघालेली वेणी दारातून परत फिरली. "मामांना माझे हात हवे होते, तोंड नको होतं. तुम्हालाही तेच हवंय?"

"तसं नाही—"

"तसंच आहे. तिथं एक खोटी बाई उभी केली, कारण तिच्यासाठी कोणी बोलत नाही. इथं खरी उभी आहे, तिला तुम्ही कागद ठेवून घरी जा म्हणता. चोरून कागद आणणार नाही मी. साक्ष देईन, समोर उभी राहून, संघाची सभासद म्हणून. नाव घालायचं असेल तर वही काढा. नसेल तर तुमचं तुम्ही बघा."

सांबशिवचाही पारा चढला. "उद्या तुमचे मामा म्हणतील, आम्ही मुलीला फूस लावली. मग?"

"मग मी सांगेन, लावली नाही. मला बोलता येतं."

वही निघाली. तिनं पूर्ण नावानं सही केली.

संघाच्या तक्रारीवरून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिरुचीहून लेबर ऑफिसर आले. कंपनीनं मेमो पुढे केले. वेणी उठून उभी राहिली, आपली नेमणुकीची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि मेमोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ऑफिसरांनी दोन्ही कागद दोनदा पाहिले आणि वेंकटरावांना विचारलं, "रुजू होण्याआधी दहा दिवस ही टाइप कसं करत होती?" नटराजला कामावर परत घ्यायचं ठरलं. आरोप लेखी मागे घेतला गेला.

तिसऱ्या दिवशी वेणीला पत्र मिळालं. काम असमाधानकारक, सोमवारपासून येऊ नये. हे मात्र मामांनी हातानं लिहिलं होतं.

संघाची सभा भरली. एकानं सांगितलं, आत्ताच एक लढाई जिंकली आहे, मुदलाळी चिडलेले आहेत, थोडं थांबू. दुसरा म्हणाला, अम्मांना काय, घरचे बघतील. वेणी भिंतीला टेकून ऐकत होती आणि नटराजकडे बघत होती. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"नटराज," ती म्हणाली, "तुम्ही काही बोलणार नाही?"

"माझं आत्ताच झालंय, अम्मा," तो पुटपुटला. "पुन्हा काढतील."

"काढतील. मला काढलंच की. त्या दिवशी खिडकीवर तुम्ही विचारलंत, हा कागद घरी कसा नेऊ. मी माझा घरी नेला. आईनं तो देवापुढे ठेवलाय आणि माझ्याशी बोलणं टाकलंय. मी दया मागायला आले नाही. वहीत माझं नाव आहे. ते नाव खरं असेल तर सोमवारी गाड्या बाहेर काढू नका. खोटं असेल तर माझ्यासमोर खोडा."

सांबशिवनं वहीला हात लावला नाही. अखेर नटराजनंच हात वर केला. मान खालीच होती, पण हात वर होता. मग दुसरा, मग तिसरा.

सोमवारी पहाटेची तिरुवैयारुची गाडी सुटली नाही. मंगळवारी एकही सुटली नाही. बुधवारी दुपारी मुदलाळींनी निरोप पाठवला, मुलीला परत घेतो, पण मॅनेजरच्या हाताखाली नको, तिकीट विभागात बसू दे. वेणीनं ते मान्य केलं. वेंकटराव त्यानंतर घरी आले नाहीत. वेंकूबाई मात्र गोकुळाष्टमीला एकटीच त्यांच्याकडे जाऊन आली. परतल्यावर तिनं काही सांगितलं नाही आणि वेणीनंही विचारलं नाही. दोघींमधलं ते तसंच राहिलं.

पुढच्या एका रविवारी सांबशिवनं वेणीपुढे हातानं लिहिलेला अर्ज सरकवला. "मुदलाळींना द्यायचाय. तुम्ही टायपिस्ट, तेवढा टाइप करून द्या."

वेणीनं कागद हातात घेतला आणि बाकावर, मधोमध, त्याच्या शेजारी बसली.

"आधी वाचते," ती म्हणाली. "पटलं नाही तर करणार नाही."