सहादूच्या वरईचा बांध

मित्रांनो, मी एक जुना दगडी बांध आहे. अकोल्याच्या डोंगरात, सहादू ठाकराच्या वरईच्या शेताला आडवा पडून आहे. दिसायला ओबडधोबड, पण माती धरून ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सहादूच्या वडिलांनी, भिमाजींनी, नुसता दगडावर दगड बसवून मला रचलं.

पुढचं आयुष्य मात्र भीतीत गेलं. कागदावर ही जमीन जंगलाची. खाली वनखात्याच्या गार्डची जीप वाजली की घरातली सगळी धावत येत आणि मलाच पाडत. शेत दिसलं तर उठवतील, म्हणून माझे दगड रानात विखरून टाकत. जीप गेली की पुन्हा रचत.

मग कायदा आला. २००५च्या आधीपासून कसणाऱ्या आदिवासींना जमिनीचा हक्क मिळणार होता. सहादूने दावा केला, तो फेटाळला गेला. जुन्या शेतीची खूण सापडली नाही म्हणे. सापडणार कशी? ती घरच्यांनीच भीतीने पुसली होती. मला राग आला आणि रडूही आलं.

गेल्या वर्षी नगर, नाशिक आणि पुण्याच्या आदिवासी संघटनांनी एकजूट केली. एकट्या पाड्याचं कुणी ऐकत नव्हतं. तिन्ही जिल्ह्यांनी मिळून मागितल्यावर फेरतपासणी मिळाली. एकजुटीची कार्यकर्ती रश्मी घरोघर सांगत फिरली, आता काही लपवू नका. सहादूच्या बायकोने, भागिरथीबाईने, माझे दगड शोधून मला पुन्हा उभं केलं.

तपासणीचे साहेब आले. मला पाहून म्हणाले, हा तर नवाच बांध दिसतो. सहादू पुढे आला आणि मला पाडू लागला. मी पार हादरलो. एकेक दगड बाजूला करत तो तळापर्यंत गेला. तिथले दगड कधीच हलले नव्हते. बाजूच्या जुन्या उंबराच्या जाड मुळीने त्यांना घट्ट आवळलं होतं.

"सायेब, वरचं आमी भ्यानं लई येळा पाडलं," सहादू म्हणाला. "पर हे खालचं माज्या बापानं ठिवल्यालं हाय."

साहेबांनी फोटो काढले, काहीतरी लिहिलं. निकाल अजून आलेला नाही. माझे वरचे दगड बाजूलाच पडून आहेत, आणि मला भीती वाटते.

मित्रांनो, डोंगरात असा बांध दिसला तर गंमत म्हणून त्याचा दगड ढकलू नका. तो कुणाच्या तरी बापाने ठेवलेला असतो.