एकाच बाकावरच्या जावा

“विकलेत?” धाकटीने स्वयंपाकघरातून विचारले.

“विकले,” थोरली म्हणाली आणि पडद्यावरचे आकडे दिसू नयेत म्हणून खुर्ची पुढे ओढून बसली.

तिने विकले नव्हते. सकाळी धाकटीने जो शेअर घेतला तोच तिने घेतला होता, त्याच भावाला, तिच्या मागोमाग. दुपारी तो घसरायला लागल्यावर धाकटीने एक बटण दाबले, “गेला हा,” म्हणाली आणि मटार सोलायला गेली. थोरलीचा हात मात्र बटणापाशी जाऊन परत आला. थोडा वर येऊ दे, मग विकू. तो वर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटीने तोवर दुसरेच काही घेऊन, त्यात गेलेले भरून काढून वर दोन पैसे गाठीला मारलेसुद्धा.

हे असे का व्हावे, हे थोरलीला कळत नव्हते. खरे तर वर्ग तिने शोधला होता. विमा कचेरीत अर्धे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले. शाखा बंद झाली तेव्हा नोकरीही गेली. घरात बसून जीव आंबायला लागला, म्हणून तिने शेअरबाजाराच्या वर्गात नाव घातले. औषधांच्या दुकानावरच्या खोलीत दोन रांगा बाकांच्या, समोर पांढरा फळा. एकटीने जायला संकोच वाटला म्हणून ती धाकट्या जावेला घेऊन गेली. “चल गं, सोबत होईल,” एवढेच म्हणाली. फीही तिनेच भरली.

वर्गात थोरली सगळ्यात हुशार. सरांचे वाक्य पुरे व्हायच्या आत तिचा हात वर. धाकटी शेजारी बसून पेंगायची. सर पुन्हापुन्हा एकच सांगायचे, “घ्यायच्या आधी ठरवा, चुकलो तर कुठे बाहेर पडायचं. ती तुमची हद्द. हद्द ओलांडली की विकायचं, मागे वळून बघायचं नाही.” हे थोरलीने लिहून घेतले, पाठ केले, कोणाला अडले तर समजावूनही सांगितले. धाकटीने फक्त ऐकले. घरी येताना जिन्यात ती म्हणाली होती, “एवढंच आहे होय? मग सोपं आहे.”

आणि तिला ते सोपे गेले, हेच थोरलीच्या डोळ्यांत सलत होते.

धाकटी मिरवली असती, टोमणे मारले असते, तर बरे झाले असते. भांडता तरी आले असते. पण ती मिळालेल्याचे कौतुक करायची नाही की गेलेल्याचे दुःख. पहिल्यापासून तशीच होती. कानतुटका कप दिसला की टाकून द्यायची. थोरली तोच कप कचऱ्यातून काढून त्यात चमचे ठेवायची. कोणाशी वाजले तर धाकटी तासाभरात विसरून त्याच माणसाशी हसून बोलायची. थोरलीला मात्र स्वतःच्या लग्नात कोण कोण मान न देता निघून गेले होते, हे अजून क्रमाने सांगता आले असते.

घरातली माणसे भोळेपणाने आगीत तेल ओतत होती. नवरा चहा पिता पिता भावजयीला विचारायचा, “काय गं, आज काय घेतलंस?” हा प्रश्न त्याने बायकोला कधी विचारला नव्हता. एकदा थोरलीची लेक काकूच्या गळ्यात पडली. “काकू, मला शिकव ना.”

“मला कुठे शिकवता येतंय?” धाकटी म्हणाली. “आईला विचार. तिला सगळं येतं.”

ती हे मनापासून म्हणाली होती. थोरलीने भाजीचा सुरा चांगला धारदार असूनही पुन्हा धारेला लावला.

मग तिने ठरवले की शिकायचेच तर धाकटीकडूनच शिकायचे, न सांगता. ती जे घेईल ते घ्यायचे. पुढच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर दोघी आळीपाळीने बसत. धाकटी उठली की थोरली बसायची. घेण्यापर्यंत दोघींचे सगळे सारखे व्हायचे. फाटे फुटायचे ते विकताना. भाव चढला की थोरलीला धीर धरवत नसे, हातचे जाईल म्हणून ती लगेच विकून मोकळी व्हायची. उतरला की मात्र धीरच धीर. नक्कल करूनही हाती वेगळे यायचे. एकाच पिठाची पोळी, पण हिचीच करपायची.

“तुला कसं कळतं, कधी सोडायचं ते?” एकदा न राहवून तिने विचारलेच.

धाकटी विचारात पडली. “कळत कुठे? सरांनी सांगितलं तेवढ्यावर आला की सोडते. चुकलेलं डोळ्यासमोर राहिलं की मला कसंतरी होतं, ताई.”

थोरलीला वाटले, ही काहीतरी लपवते आहे.

मग ती सकाळ आली. सासऱ्यांना, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत, एका डोळ्याने एकदम धूसर दिसू लागले. पुरुषमाणसे कामावर गेलेली. धाकटीने रिक्षा बोलावली, अप्पांच्या पायात चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाली, “ताई, सकाळी घेतलेत त्यांची हद्द संगणकात घालायची राहिलीये. कागदावर लिहून ठेवलाय भाव. त्याच्या खाली गेला तर माझे तेवढे विकून टाका.”

“टाकते,” थोरली म्हणाली.

ती खुर्चीत बसली. धाकटीच्या मागोमाग तिनेही तेच शेअर घेतले होते. तासाभराने भाव त्या आकड्याला आला, क्षणभर थांबला आणि खाली गेला.

तिने धाकटीचे खाते उघडले. विकण्याच्या बटणावर बाण नेऊन ठेवला आणि बोट उचलून घेतले. जाऊ दे. एकदा हिलाही कळू दे, बुडताना कसे वाटते ते. भाव आणखी उतरला. आता दाबावे, असे तिला वाटले. पण आता दाबले तर उशीर का झाला हे सांगावे लागणार. तो आणखी उतरला. तिची कानशिले तापली होती. भीती होती, तिच्या तळाशी एक गोड चवही होती आणि त्या चवीची तिला शिसारी येत होती. ती उठली नाही. फाटकाचा आवाज आला तेव्हा कुठे ती लगबगीने स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

धाकटीने अप्पांना आरामखुर्चीत बसवले. “थेंब दिलेत, काळजीचं नाही म्हणाले,” असे सांगत ती संगणकापाशी बसली. मग बटण वाजले.

“ताई, तुमचेही आहेत ना यात? काढू?”

“नको,” थोरली आतून म्हणाली. “राहू दे माझे.”

“बरं.” धाकटी आत आली. “अप्पांना पाणी देता?”

संध्याकाळी दोघी वाळलेले कपडे घडी घालत होत्या. धाकटीचे कित्येक आठवड्यांचे कमावलेले त्या एका दुपारी गेले होते. ती चादरीचे टोक धरून उभी होती, रोजच्यासारखी. थोरलीला ते सहन झाले नाही.

“मी विसरले नव्हते,” ती म्हणाली.

“माहितीये. खुर्ची गरम होती.”

थोरलीच्या हातातले चादरीचे टोक सुटले. धाकटीने ते उचलून तिच्या हातात दिले.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय होणार होतं? विकले, संपलं.” मग थोडे थांबून ती म्हणाली, “राग आला होता. दोरीवरचे कपडे काढायला गेले तेव्हा रडून घेतलं.”

एवढे बोलून तिने चादर ओढून ताठ केली. आणि थोरलीच्या लक्षात आले की आपल्याला आता तिच्या या रडून मोकळे होण्याचाही हेवा वाटतो आहे. तिचे नुकसानसुद्धा आपल्यापेक्षा चांगले होते.

काही दिवसांनी ती एकटीच वर्गाचा जिना चढली. सर फळा पुसत होते.

“मला खरं सांगा,” ती म्हणाली, “तुम्ही तिला वेगळं काही शिकवलंत?”

“दोघी एका बाकावर होतात. वेगळं कसं शिकवणार?”

“मग?”

सर खुर्चीत टेकले. “एवढी वर्षं शिकवतोय. पोहायला शिकवावं तसं शिकवतो. हात कसे मारायचे ते सांगता येतं. पाण्याची भीती कोणाची जाते, कोणाची नाही. ती माझ्याने घालवता येत नाही. माझीही पुरती गेलेली नाही, म्हणून तर इथे आहे.” मग तिच्याकडे बघत म्हणाले, “पण तुम्ही त्या मागच्या बाकावरच्या लोकांना समजावून सांगायचात ना, तेव्हा ते मी सांगितल्यापेक्षा त्यांना जास्त कळायचं. सकाळची तुकडी घ्याल?”

तिला हा अपमान वाटला. घरी जाऊन ती दोन दिवस धुमसली. तिसऱ्या दिवशी तिने हो म्हणून कळवले.

आता ती आठवड्यातून तीन सकाळी फळ्यासमोर उभी राहते. छान शिकवते. हद्द म्हणजे काय हे सांगताना तिचा आवाज इतका ठाम असतो की बाहेरच्या जिन्यात लोक थांबतात. तिच्या खात्यातले ते शेअर अजून तिथेच आहेत. ती कधीमधी उघडून बघते आणि बंद करते.

परवा एका नव्या तरुणीने हात वर केला. “बाई, तुम्ही स्वतः किती कमावता यातून?”

थोरलीने पेनचे टोपण लावले. तयार उत्तर तिच्याकडे होते, सरांनीच शिकवलेले: नफातोटा हा खासगी मामला असतो. ते ओठावर आलेही होते.

“मला नाही जमलं,” ती म्हणाली. “माझ्या धाकट्या जावेला जमतं. फार चांगलं जमतं.”

हे वाक्य तिने याआधी कुठेच उच्चारले नव्हते, घरीही नाही.

“मग आम्हाला जमेल कशावरून?” तरुणीने विचारले. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता.

“ते मला सांगता येणार नाही,” थोरली म्हणाली. “कसं करायचं तेवढं सांगता येईल.”

ती फळ्याकडे वळली आणि सावकाश, टपोऱ्या अक्षरांत लिहू लागली. मागे वह्यांची पाने उलटल्याचे आवाज होत होते.