जिन्याच्या तोंडाशी

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची मशीन आहे. जुनी म्हणजे पायानं चालणारी. माझं वजन भंगारवाल्याला विचारा, पण शिलाईबद्दल मलाच विचारा.

कारखान्यातून निघून ज्या घरात आले, तिथल्या आत्यानं माझा ताबा घेतला. भाच्याच्या शाळेच्या चड्ड्यांपासून गल्लीतल्या नवऱ्या मुलींच्या कपड्यांपर्यंत सगळं आम्ही दोघींनी शिवलं. कौतुक तिचं व्हायचं, तेल मला मिळायचं. माझी तक्रार नव्हती.

मग एक दिवस तिला सुईत दोरा ओवता येईना. तिनं दोऱ्याचं टोक ओलं केलं, दहा वेळा प्रयत्न केला आणि शेवटी माझं झाकण लावून टाकलं. घरात म्हणाली, "गुडघे दुखतात. शिवण पुरे आता." सगळ्यांना ते पटलं. गुडघे ठणठणीत होते हो! नजर जात चालली होती, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

मला वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी ठेवलं. अंगावर धूळ बसली, जुने पेपर साचले. पण आत्या रोज खोलीतून निघायची, चार पावलं सरळ यायची, हात माझ्या झाकणावर टेकायची आणि उजवीकडे न्हाणीघराकडे वळायची. तेवढीच माझी नोकरी उरली होती.

पुढे घर विकायचं ठरलं. दलाल म्हणाला, "पसारा काढा. घर मोकळं दिसलं की गिऱ्हाईक लगेच हो म्हणतं." झालं, आवराआवर सुरू झाली. आत्या एवढंच म्हणाली, "मशीन शेवटी न्या." भाच्याला वाटलं, जीव अडकलाय बिचारीचा. माझी पाळी रविवारची होती.

पण शुक्रवारी दुपारी दलालाचा फोन आला, पाच वाजता माणसं घर बघायला येतायत. एकच धांदल उडाली. आत्या झोपलेली असताना भाच्यानं आणि भंगारवाल्यानं मला खाली उतरवलं आणि जिन्याच्या पायथ्याशी उभं केलं.

पाचला गिऱ्हाईक आलं. "वा, प्रशस्त आहे," कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात वर खोलीचं दार वाजलं.

आत्या बाहेर आली. एक पाऊल, दोन, तीन, चार. तिनं हात पुढे केला. हाताखाली काहीच नव्हतं. तिला वाटलं, पावलं मोजायला चुकले. ती आणखी थोडी पुढे आली. खाली सगळे भिंतींचा रंग बघत होते. जिन्याचा कठडा वरून तिसऱ्या पायरीपासून सुरू होतो. मित्रांनो, मला तोंड नाही याचं इतकं दुःख कधी झालं नव्हतं.

"चालू आहे का ही?" भंगारवाल्यानं विचारलं.

"म्हणजे काय!" म्हणत भाच्यानं झाकण काढून माझं चाक गरकन फिरवलं. किती वर्षांनी मी खडखडले!

वर आत्या जागच्या जागी थांबली. तिच्या उजव्या पायाची बोटं पायरीच्या कडेबाहेर होती.

"मशीन खाली आहे?" ती म्हणाली. "मग मी कुठे उभी आहे रे?"

भाच्यानं वर पाहिलं. "आत्या, हलू नकोस!" दोन-दोन पायऱ्या गाळत तो वर धावला आणि त्यानं तिला धरलं.

भाच्याची बायको रडायलाच लागली. "अहो आत्या, मग रोज पेपर घेऊन बसता ते?"

"पानं उलटते. तुम्ही मोठ्यानं वाचता, मी मान डोलावते." आत्या खाली बसली. "नवीन घरी ओझं होऊन यायचं नव्हतं गं मला."

भाचा भंगारवाल्याला म्हणाला, "मशीन नाही द्यायची."

आत्यानं त्याचा दंड चाचपला आणि घट्ट धरला. "देऊन टाक. इतके दिवस तिनं धरलं मला. आता तू धर."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गाडीवर चढताना मी वळूनही पाहिलं नाही, कारण मला वळता येत नाही. मित्रांनो, घर आवरा, जुनं खुशाल काढा. फक्त त्याआधी दोन दिवस हातातलं काम बाजूला ठेवून घरातली म्हातारी माणसं कशी चालतात, ते नीट बघा.