एका घरी एकच फेरी

जिन्यात नर्सने साहेबाला वाट करून दिली आणि वर बोट दाखवलं.

“तुमच्या मावशींकडूनच येतेय. बीपी छान आहे. काळजी करू नका.”

काळजी करायला तो आलाच नव्हता. तो आनंदाची बातमी सांगायला आला होता. कचेरीत त्याला साहेब म्हणत. वरच्या घरात तो नुसता भाचा होता, आई गेल्यावर मावशीने वाढवलेला.

विभागातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आरोग्य खात्याची नर्स जायची, सरकारी स्वयंपाकघराचा माणूस डबा घेऊन जायचा आणि तिसऱ्याच खात्याची बाई विचारपूस करायला जायची. तीन कचेऱ्या तीन टोकांना, एकीचा दुसरीला पत्ता नाही. एकाच म्हातारीचं बीपी एका दिवसात तीनदा मोजलं जायचं आणि नदीपलीकडच्या वस्त्यांत मात्र कुणी फिरकायचं नाही. भाच्याने बैठकांमध्ये डोकेफोड करून तिन्ही कचेऱ्या एका छताखाली आणल्या होत्या. सोमवारपासून एका घरी एकच माणूस जाणार होता, आठवड्यातून दोनदा, आणि सगळं तोच बघणार होता.

या खटपटीत मावशीकडे यायचं मात्र राहून गेलं होतं. खात्याची माणसं जातात ना, या भरवशावर महिने निघून गेले.

मावशीने दार उघडलं, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि तू वाळलास म्हणाली. तो बातमी सांगणार, तेवढ्यात डबा पोचवणारा आला. मावशीने लगेच कपाळाला हात लावला.

“बरं झालं आलास बाबा. सकाळपासून गरगरतंय. नर्सबाईंचा अजून पत्ता नाही. जरा बीपी बघतोस का?”

डब्याच्या माणसाने फळीवरचं मशीन काढलं, खुर्ची ओढली आणि मावशीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन घुरघुरत असताना त्याने लेकीच्या परीक्षेचं सांगितलं, घरमालकाच्या कुत्र्याचं सांगितलं. दाढी वाढवली म्हणून मावशीने त्याला झापलं. आकडा आला, पण त्याच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

तो गेल्यावर भाचा म्हणाला,

“मावशी, नर्स मला जिन्यात भेटली.”

“भेटणारच. जिना एकच आहे.”

“दुपारी विचारपूसवाली बाई येईल. तिलाही हेच सांगणार?”

“छे. तिला गोळ्या सापडत नाहीत म्हणून सांगते. हौसेने शोधते बिचारी.”

बैठकांमध्ये टेबलावर हात आपटून तो ज्याला समन्वयाचा अभाव म्हणत होता, ते हे होतं. समन्वय इथे अगदी चोख होता, फक्त तो मावशीच्या हातात होता. त्याला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

मग त्याने नवी व्यवस्था सांगितली. आवाज आपोआप खाली गेला.

“म्हणजे तिघांच्या जागी एकच येणार,” मावशी म्हणाली.

“हो.”

“आणि उरलेल्या फेऱ्या?”

“नदीपलीकडे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे कुणीच जात नाही गं.”

मावशीने डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं.

“मग बरोबर केलंस. जाऊ दे त्यांना तिकडे.”

ती रुसली असती, भांडली असती तर त्याच्याकडे उत्तरं तयार होती. बैठकांमध्ये पाठच झाली होती.

तो उठला. दाराशी जाऊन त्याने एका पायात बूट घातला आणि तसाच उभा राहिला. मग बूट काढून परत आला, तीच खुर्ची ओढली आणि मशीन मांडीवर घेतलं.

“मावशी, आज तुझं बीपी कुणी बघितलं का गं?”

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बाही वर सरकवली.

“कुठलं रे. सकाळपासून कुणी फिरकलंच नाही.”

त्याने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“उलटा लावलास,” ती म्हणाली. “काढ आणि पुन्हा लाव. सावकाश.”